पार्किंगच्या स्लॅबचं पाणी आणि काळ्या गाडीचा रंग

गाडी आठ वर्षांची, साधी काळी सेडान. मालकीण आमच्याच इमारतीतल्या काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या. स्वतः गाडी चालवत जांभळी नाक्याला बाजाराला जाणाऱ्या आणि नाटक असलं की गडकरी रंगायतनला. इमारत ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, मानपाड्याच्या अलीकडे. गाडी उभी राहते पोडियमखालच्या पार्किंगमध्ये, म्हणजे डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबवर सोसायटीची बाग.

पावसाळा संपता संपता गाडीच्या टपावर, बॉनेटवर आणि मागच्या डाव्या दारावर पांढरे डाग दिसू लागले. काही नुसत्या कड्यांसारखे, काही वाळलेल्या चुन्याच्या थेंबासारखे जाड. नखाने खरवडले तर हलत नव्हते. शिवाय सगळ्या अंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं होतं, ते टॉर्च मारली की गोल गोल फिरताना दिसे.

काकूंना तोवर तीन सल्ले मिळाले होते. एका गॅरेजवाल्याने बॉनेट आणि टप दोन्ही रंगवायला सांगितलं. दुसरा म्हणाला, रबिंग मारून देतो, तासाभरात चकाचक. पुतण्या म्हणाला, सिरॅमिक कोटिंग करून टाक, परत बघायला नको. काकू माझ्याकडे आल्या त्या एवढंच म्हणत, "दसऱ्याला गाडी नीट दिसायला हवी रे. पण हे डाग कशाचे आहेत, हे कोणीच सांगत नाहीये."

त्यांचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. ठाण्यात आणि नवी मुंबईत पोडियमखाली किंवा स्टिल्टमध्ये उभ्या राहणाऱ्या शेकडो गाड्यांवर हेच डाग असतात, आणि बहुतेक वेळा डाग ओळखायच्या आधी पॉलिशचं मशीन चालू होतं. मग जे व्हिनेगरने निघालं असतं ते रंग घासून काढलं जातं. घासलेला रंग परत येत नाही, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो आहे.

डाग कशाचे

गाडीवर नेमकं कुठून गळतंय ते आधी पाहिलं. स्लॅबच्या खालच्या अंगाला एक लांब भेग होती आणि तिच्या कडेने पांढरे, बोटभर लांबीचे लोंबते खडे तयार झाले होते. काँक्रीटमधून पाणी झिरपताना सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोबत घेऊन येतं. खाली आल्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बनतं. भेगेखाली खडे वाढतात ते यानेच, आणि गाडीवर थेंब वाळला की हाच पांढरा थर उरतो. भेगेखाली वाटी ठेवून जमलेल्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली तर ती गडद निळी झाली. पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं.

म्हणजे त्रास दुहेरी आहे. वर बसलेला खनिजाचा थर ही एक बाब. तो नुसता चिकटलेला असतो, विरघळवता येतो. दुसरी बाब त्या थराखालची: तीव्र अल्कली क्लिअर कोटला, म्हणजे रंगाच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थराला, खाते आणि तिथे खळगा पडतो. थेंब ओले असतानाच गाडी उन्हात गेली तर हे फार लवकर होतं, कारण दुपारी काळ्या पत्र्यावर हात ठेववत नाही. खळगा पडला आहे की नुसता थर आहे, हे थर काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिलं काम थर काढणं, आणि तेही न घासता.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पाऊस थांबून आठवडा झाला तरी गळती चालूच होती. वर जाऊन पाहिलं तर भेगेच्या बरोबर वरच्या अंगाला लॉन आणि कुंड्यांची रांग. माळी सकाळी पाणी घालतो आणि दुपारपर्यंत खाली थेंब पडू लागतात. पाऊस गेला की आपोआप थांबेल, हा सगळ्यांचा समज चुकीचा ठरला. गळती बारमाही होती.

रंग किती आहे

मशीन हातात घ्यायच्या आधी रंगाची जाडी गेजने मोजली. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत रंगाचे सगळे थर मिळून साधारण ८० ते १४० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपण जे काही पॉलिश करतो ते या थरात. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात, त्यामुळे सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त एकूण आयुष्यात काढू नये असा संकेत आहे. काकूंना मी बँकेच्या भाषेत सांगितलं: ही मुदत ठेव आहे, हिच्यात परत भरणा करता येत नाही. त्यांना पुढचं काही समजवावं लागलं नाही.

गेज आधी सोबतच्या पट्टीवर शून्य करून घेतलं. टपावर आकडे ९८ ते ११० आले, दारांवर थोडे जास्त. बॉनेटवर मात्र २१० ते २६०. काकूंना आठवलं, चार वर्षांपूर्वी कापूरबावडीला पुढच्या टेम्पोला गाडी टेकली होती, तेव्हा विम्यातून बॉनेट रंगवून घेतलं होतं. आकडा दुप्पट असला म्हणून बॉनेटवर दुप्पट घासता येतं असं वाटणं साहजिक आहे, आणि नेमकं तिथेच माणसं फसतात. गेज एकूण जाडी सांगतं. त्यातला क्लिअर कोट किती, जुना रंग किती, प्रायमर किती, यातलं काहीच सांगत नाही. शिवाय कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, कारण तेव्हा गाडीत वायर, रबर, प्लास्टिक काही नसतं. गॅरेजमध्ये दोन घटकांचा वेगळा रंग वापरून ६० अंशांच्या आसपास वाळवतात. असा रंग बऱ्याचदा मऊ निघतो. तेव्हा जास्त आकड्याच्या बॉनेटवर मी जास्त सावध राहायचं ठरवलं.

बंपर प्लास्टिकचे असल्याने तिथे गेज चालत नाही. एक साधी चाचणी मात्र केली. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या भागावर हाताने घासलं. कापड काळं झालं नाही, म्हणजे वर क्लिअर कोट आहे. साध्या रंगाच्या काही गाड्यांवर तो नसतो, आणि तिथे पॉलिश करताना थेट रंगच निघत असतो.

थर विरघळवणं

पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात मिळतं तेच, ज्यात ४-५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं. गाडी सावलीत, पत्रा थंड. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून घालवली, मग प्रत्येक डागावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यूचा छोटा तुकडा ठेवला. तीन-चार मिनिटांत कडेने बारीक बुडबुडे येतात. कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड तो. टिश्यू उचलून शांपूच्या पाण्याने धुवायचं, आणि थर उरला असेल तर पुन्हा ठेवायचा. जाड डागांना तीन-चार फेऱ्या लागल्या. टिश्यू वाळू द्यायचा नाही, आणि मध्येच अधीर होऊन नखाने किंवा ब्लेडने खरवडायचं नाही. तुटलेला खडा खाली सरकला की तो लांब ओरखडा काढतो.

काकूंनी विचारलं, "लिंबू चालेल का? घरात आहेत." लिंबाने थर सुटतो खरा, पण लिंबातल्या सायट्रिक आम्लाचं कॅल्शियमशी जे बनतं ते पाण्यात फार कमी विरघळतं. पांढरट साय मागे राहते आणि आपण ती घासायला जातो. व्हिनेगरमधून बनणारं कॅल्शियम ॲसिटेट पाण्यासोबत निघून जातं. टॉयलेट क्लीनरचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल डागापुरतं थांबत नाही. क्रोम, ॲल्युमिनियम, पत्र्याचा उघडा पडलेला टवका, सगळ्याला लागतं. व्हिनेगर लावतानाही मी क्रोमची पट्टी झाकून घेतली होती.

हे काम संपलं तेव्हा दारावरचे सगळे डाग गेले होते. बॉनेटवरचे बहुतेक गेले. टपावर पांढरं काही उरलं नाही, पण तिरक्या प्रकाशात जुन्या डागांच्या जागी कडा दिसत होत्या. ते खळगे. गॅरेजवाल्याने दोन पॅनेल रंगवायला सांगितलेलं काम इथवर एका व्हिनेगरच्या बाटलीत आलं होतं.

धुणं आणि माती

पोडियमखालचा नळ बोअरवेलचा. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, त्याचा आकडा सहाशेच्या वर. असं पाणी गाडीवर वाळलं की पुन्हा नवे डाग. म्हणून शेवटचं पाणी घरच्या नळाचं घेतलं आणि मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून काढलं. दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. भांड्यांचं लिक्विड वापरलं नाही.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवला. टपावर आणि डिकीवर वाळूच्या कागदासारखं लागलं. घोडबंदर रस्त्याला मेट्रो-४ चं काम, वेल्डिंग-कटिंगच्या ठिणग्या, अवजड वाहनांच्या ब्रेकची भुकटी, हे सगळं गाडीवर बसतं आणि लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारं द्रावण, मारल्यावर दोन मिनिटांत जांभळे ओघळ आले. वास उग्र असतो, तोंडाला मास्क हवाच. उरलेलं डिटेलिंगच्या मातीने, म्हणजे पत्र्यावरची कचकच उचलणाऱ्या मऊ चिकट गोळ्याने, काढलं, शांपूचं पाणी भरपूर ठेवून, दाब न देता. माती खाली पडली तर तो तुकडा फेकून द्यायचा, तिथे काटकसर नाही.

पॉलिश किती, कुठे

आता उरलं ओरखड्यांचं जाळं आणि टपावरचे खळगे. ओरखडे आले कुठून, ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी गाड्या पुसणारा मुलगा एकाच बादलीत, एकाच फडक्याने रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसतो. मुलगा मेहनती आहे, त्याला दिलेलं साधनच तसं आहे. फडक्यात अडकलेली रेती प्रत्येक हातासरशी एक रेघ ओढते. ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना असतात, दिव्याभोवतीचे तेवढे चमकतात म्हणून गोल भासतात.

पॉलिशचा नियम एकच मानतो: सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात, आणि काम भागलं की तिथेच थांबायचं. मागच्या दारावर दोन फूट लांब-रुंद तुकडा टेपने आखला. ड्युअल ॲक्शन मशीन, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही; डोलण्याचा घेर १५ मिलिमीटर. आधी सगळ्यात मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. ओरखडे निम्मे झाले. मग तेच पॉलिश, पण मधल्या कडकपणाच्या फोमवर. मटारएवढे चार थेंब, वेग सहापैकी साडेचार, आडवे-उभे मिळून चार हात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून, हात अगदी संथ. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च मारली. हे पुसणं टाळू नये. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि नसलेलं यश दाखवतं.

जाळं जवळपास गेलं होतं. चार-पाच खोल रेघा राहिल्या. कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारा लेप, घेतलं असतं तर त्याही गेल्या असत्या, पण त्यासाठी आजूबाजूचा सगळा रंग त्या रेघेच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. रेघ काढणं म्हणतात ते खरं तर तिच्या भोवतीचं सगळं काढणं असतं. मी कंपाउंडचा डबा उघडलाच नाही.

पॉलिशनंतर गेज पुन्हा लावलं. फरक एखाद-दोन मायक्रॉनचा, म्हणजे गेजच्या स्वतःच्या चुकीइतकाच. घरी वापरायच्या गेजवर विसंबून 'अजून थोडं चालेल' असं ठरवता येत नाही, ते एवढं सूक्ष्म दाखवत नाही. हात किती फिरवले ते मोजणं हाच खरा हिशेब.

उरलेली गाडी त्याच जोडीने केली. बॉनेटच्या कडा, दारांवरून जाणारी पत्र्याची धार, टपाची किनार यांवर टेप लावली, कारण धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथे येतो. रबरावरही टेप, नाहीतर पॉलिश वाळून पांढरी रेघ राहते आणि ती काढण्यातच दुपार जाते. बॉनेटवर मधल्या फोमने धुरकट झाक येऊ लागली. रंग मऊ असल्याची ती खूण. तिथे मऊ फोमवर उतरलो, वेग कमी केला, झाक गेली. बंपरवर एकाच जागी रेंगाळलो नाही, प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही आणि रंग पटकन तापतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पॉलिश लवकर वाळतं, त्यामुळे काम सकाळी लवकर. सॉकेट पार्किंगचं असल्याने सचिवांची परवानगी आधीच घेतली होती. पॅड दर तुकड्यानंतर ब्रशने झाडावं लागतं, नाहीतर सुटलेला रंगच पुढच्या तुकड्यावर घासला जातो.

रबिंगबद्दल दोन शब्द. गोल फिरणाऱ्या मशीनवर लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड लावून तासाभरात गाडी खरोखर चमकते. त्या चमकेत तेलाचा वाटा मोठा असतो. काही धुण्यांनंतर तेल निघून जातं आणि उन्हात पट्ट्यापट्ट्यांची झळाळी दिसायला लागते, काळ्या गाडीवर तर सिग्नलला उभ्या माणसालाही. त्या वेळेपर्यंत क्लिअर कोट मात्र गेलेला असतो, आणि ते दुरुस्त करायला आणखी घासावं लागतं.

टपावरचे चार डाग

पॉलिशनंतर टपावर चार खळगे उरले. त्यांवरून नख फिरवलं तर किंचित अडकतं. ३००० नंबरच्या पाणकागदाने घासून, मग कंपाउंड, मग पॉलिश, असं करून ते पुसट करता आले असते. टपाचा एकूण आकडा शंभरच्या आसपास, आणि गाडीवर सगळ्यात जास्त ऊन झेलतो तो टपच. क्लिअर कोट तिथे पातळ झाला की काही वर्षांत पापुद्रे सुटतात, आणि मग रंगवण्याशिवाय गत्यंतर नसतं. मी काकूंना टॉर्च हातात देऊन चारही डाग दाखवले आणि दोन्ही वाटा सांगितल्या.

त्यांनी वाकून नीट पाहिलं. म्हणाल्या, "मला काही टपावर चढून गाडी चालवायची नाही. राहू देत."

वर सिरॅमिक कोटिंग केलं नाही. पुतण्याचा आग्रह होता, '९एच' म्हणजे दगडासारखं कठीण होतं असं त्याने वाचलं होतं. तो आकडा पेन्सिलच्या शिशाने रेघ ओढून बघायच्या चाचणीचा आहे, दगडाच्या कठीणपणाशी त्याचा संबंध नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या कोटिंगचा पाया सिलिकाचा, आणि तीव्र अल्कलीपुढे सिलिका टिकाव धरत नाही. वरून गळती चालू असताना हजारो रुपये तिथे ओतणं मला पटलं नाही. साधा पॉलिमर सीलंट लावला. तो दर काही महिन्यांनी घरीच पुन्हा लावता येतो, आणि थेंब पडलाच तर आधी तो खर्ची पडतो.

खरं काम वर स्लॅबवर होतं. काकूंनी सोसायटीच्या सभेत भेगेचे, पीएच पट्टीचे आणि गाडीचे फोटो ठेवले. बँकेतल्या माणसाचा कागद पक्का असतो. तूर्त भेगेखाली गॅल्वनाइज्ड पत्र्याची उताराची पन्हळ बसली आहे आणि तिचं पाणी पाइपने गटाराकडे नेलं आहे. कुंड्या हलवल्या. वरची माती काढून वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं आहे, ते लॉन उखडल्याशिवाय होणार नाही. गाड्या पुसणाऱ्या मुलाला काकूंनी स्वतःच्या गाडीपुरती मायक्रोफायबर फडकी आणून दिली आणि सांगितलं, रोज कोरडी पुसू नकोस, आठवड्यातून दोनदा पाण्याने धू, पैसे तेवढेच देईन.

दसऱ्याला झेंडूची माळ बॉनेटवरून न नेता जाळीला दोन टोकांनी घट्ट बांधली, म्हणजे चालत्या गाडीत दोरा रंगावर घासत नाही. कुंकवाचं बोट काचेला लावलं.

पूजेच्या दिवशी शेजारच्या जागेतली लाल गाडी पाहिली. पन्हळ बसण्याआधीच्या पंधरवड्यात तिच्यावरही थेंब पडले होते. डाग ताजे, पातळ होते. तिथे टिश्यू आणि व्हिनेगरची एक फेरी पुरली. खाली खळगा नव्हता, रंगाला मशीन लावावंच लागलं नाही.